काखेतली गाठ, लसीतला जंतू आणि अहवालात न दिसलेलं जनुक : घणसोलीतील एका बाळाचं प्रकरण

पाच महिन्यांच्या बाळाच्या डाव्या काखेतून पू येतो आहे. पुवाच्या जीनएक्स्पर्ट तपासणीत ‘एमटीबी आढळला, रिफॅम्पिसिनला रोध नाही’ असा शेरा आहे, म्हणजे टीबीचा जंतू सापडला आणि रिफॅम्पिसिन हे औषध त्याला लागू पडायला हवं. निक्षय या सरकारी टीबी-नोंदणी पोर्टलवर नोंद झाली, वजनाप्रमाणे टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, आजीने एकही डोस चुकवला नाही. तरी दोन महिन्यांनी बाळ आधीपेक्षा जास्त आजारी आहे. अशा वेळी पहिला संशय येतो तो औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा. इथे तो संशय चुकीचा होता. ते कळायला दोन वेगवेगळ्या डीएनएंचं सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरवाचन, करावं लागलं : आधी जंतूचं, मग बाळाचं. दुसरं पहिल्या फेरीत फसलं, आणि ते का फसलं याबद्दल खाली सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

ओळख पटू नये म्हणून अशा रुग्णांत आढळणारे तपशील एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. औषधांची मापं त्या त्या वजनापुरतीच आहेत.

पहिले सात महिने

घर घणसोलीत. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एमआयडीसीत कामाला, मूळ गाव सांगली जिल्ह्यात. आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. बाळ पहिलं, मुलगा, जन्मवजन २.९ किलो. दुसऱ्या दिवशी डाव्या दंडावर बीसीजी ही टीबीची लस, ०.०५ मिलि.

सातव्या आठवड्यात गुदद्वाराशेजारी गळू झालं. दवाखान्यात चिरा दिला, पू निघाला, जखम भरली. पू तपासायला पाठवला नाही. पुढच्या सगळ्या धावपळीत ही नोंद कुणाच्या लक्षात राहिली नाही. खरं तर सगळं कोडं तिथेच सुरू झालं होतं.

तिसऱ्या महिन्यात डाव्या काखेत दीड सेंटिमीटरची गाठ आली. “लसीची गाठ आहे, बसेल,” असं आजी म्हणाली, आणि बहुतेक बाळांत ते खरंही ठरतं. बीसीजीनंतर त्याच बाजूच्या काखेत येणारी, न पिकलेली गाठ बहुधा आपोआप विरते. तिला टीबीची औषधं देऊन ती लवकर बसते असं नाही. पिकली तर जाड सुईने पू ओढून काढतात. चिरा द्यायचा नसतो, कारण त्या जागी नासूर होऊन महिनोन्महिने वाहत राहतो. या बाळाची गाठ साडेचार महिन्यांत तीन सेंटिमीटर झाली, तिला चिरा दिला गेला आणि नासूर झाला.

पुवाच्या काचपट्टीवर आम्लरोधी जंतू दिसले, जीनएक्स्पर्ट पॉझिटिव्ह आलं. वजन ५.८ किलो, म्हणजे ४ ते ७ किलोच्या पट्ट्यात. रोज बालकांची एक संयुक्त गोळी (आयसोनायाझिड ५०, रिफॅम्पिसिन ७५, पायराझिनामाइड १५० मिलिग्रॅम) आणि एथॅम्ब्युटॉल १०० ची एक, पाण्यात विरघळवून.

सातव्या महिन्यात वजन ५.९ किलो. दोन महिन्यांत फक्त शंभर ग्रॅम. रोज ताप, गळपट्टीच्या हाडावर नवी गाठ, यकृत बरगडीखाली चार सेंटिमीटर, प्लीहा दोन. हिमोग्लोबिन ७.९, पांढऱ्या पेशी २१ हजार. उजव्या हाताचं मधलं बोट सुजून गाजरासारखं झालेलं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी. बोटातून ओढलेल्या पुवात सेराशिया मार्सेसेन्स नावाचा जीवाणू वाढला. प्रयोगशाळेने तो ‘बहुधा बाहेरून मिसळलेला’ म्हणून बाजूला ठेवला. बंद हाडातून निर्जंतुक सुईने काढलेल्या पुवात सेराशिया सापडला तर तो बाजूला ठेवायचा नसतो. निरोगी मुलाच्या हाडात हा जीवाणू सहसा जात नाही. कुणाच्या हाडात जातो हे ठाऊक असेल तर निदानाचा अर्धा रस्ता तिथेच संपतो.

जंतू कोणता?

जीनएक्स्पर्ट फक्त ‘क्षयजंतूंचा गट’ ओळखतो. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, गाईगुरांतला बोव्हिस आणि बीसीजी हे सगळे त्याच गटातले. जीनएक्स्पर्ट आरपीओबी जनुकाचा जो तुकडा पाहतो तो तिघांत सारखाच, म्हणून शेराही तिघांसाठी एकच. औषध-रोधाचे ठरावीक बदल शोधणाऱ्या लाइन प्रोब तपासणीची नेहमीची पट्टीही गटच सांगते. कल्चरवर (वाढवलेल्या जंतूवर) करायची एमपीटी६४ या प्रथिनाची झटपट कार्ड-चाचणी काही जण बीसीजी वगळण्यासाठी वापरतात. तिथे एक खड्डा आहे. बीसीजीच्या डॅनिश, पाश्चर अशा वाणांत आरडी२ हा डीएनएचा तुकडा गळालेला असल्यामुळे एमपीटी६४ निगेटिव्ह येतो. पण भारतात मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा मॉस्को वाण (म्हणजे रशियन) मूळ संग्रहातून लवकर वेगळा झाला. त्याच्यात आरडी२ शाबूत आहे, त्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह येते. या बाळातही आली, आणि ‘म्हणजे बीसीजी नाही’ असा निष्कर्ष काढला गेला.

नासुरातला आणि बोटातला, दोन्ही ठिकाणचा पू एमजीआयटी नळीत (जंतू वाढवायच्या द्रव माध्यमात) लावला. नासुरातला सोळाव्या दिवशी पॉझिटिव्ह झाला. लाइन प्रोबमध्ये आयसोनायाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्हींना संवेदनक्षम. औषधं लागू पडायला हवीत असा अहवाल, आणि समोर ढासळणारं बाळ. हा मेळ बसेना म्हणून कल्चरचं संपूर्ण जनुकीय सिक्वेन्सिंग मागवलं.

इथली कृती थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण बहुतेक अपयश मशिनीच्या आधीच येतं. क्षयजंतूची भिंत मेणचट आणि चिवट असते. साध्या किटने ती फुटत नाही आणि डीएनए नावापुरता निघतो. एमजीआयटीतले दोन मिलि घेऊन सेंट्रिफ्यूज करतात, गाळ ९५ अंशांवर अर्धा तास तापवून जंतू मारतात. हे जैवसुरक्षा कक्षातच, आणि मेल्याची खात्री झाल्याशिवाय नळी बाहेर काढायची नाही. मग ०.१ मिलिमीटरच्या काचमण्यांबरोबर जोरात हलवून भिंत फोडतात आणि डीएनए स्वच्छ करून घेतात. लायब्ररी, म्हणजे मशिनीत घालायचा तयार नमुना, बनवायला फार डीएनए लागत नाही. काही किटना एक नॅनोग्रॅम पुरतो. पण मोजमाप फ्लुओरोमीटरवरच करावं. नॅनोड्रॉप यंत्रावर आरएनएही डीएनए म्हणून मोजला जातो आणि लायब्ररी पातळ होते. या जंतूच्या जनुकसंचात जी आणि सी ही अक्षरं सुमारे ६५ टक्के. त्यामुळे पीसीआरची आवर्तनं जास्त झाली की काही भाग वाचलेच जात नाहीत. संच ४४ लाख अक्षरांचा. ६० पट खोलीसाठी (प्रत्येक अक्षर सरासरी ६० वेळा वाचण्यासाठी) दीडशे-दीडशे अक्षरांच्या सुमारे ९ लाख जोड्या पुरतात.

थेट पुवातूनच सिक्वेन्सिंग का केलं नाही? पुवातला जवळजवळ सगळा डीएनए माणसाच्याच पेशींचा असतो. जंतूच्या वाट्याला इतकी कमी वाचनं येतात की औषध-रोधाबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही.

पहिला अहवाल आपोआप चालणाऱ्या सॉफ्टवेअरने दिला : क्षयजंतू गट, रिफॅम्पिसिन, आयसोनायाझिड, एथॅम्ब्युटॉल यांना संवेदनक्षम, पायराझिनामाइडला रोध. ‘रोध’ हा शब्द दिसल्याबरोबर दुसऱ्या फळीची औषधं आणण्याची तयारी सुरू झाली. पण रोधाचं कारण काय लिहिलं होतं? पीएनसीए जनुकात ५७ व्या जागी हिस्टिडिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल. हा बदल बोव्हिसची आणि बीसीजीची जन्मखूण आहे. औषध चुकवल्याने तो आलेला नाही. दोघेही जन्मजातच पायराझिनामाइडला दाद देत नाहीत. ज्याला ही खूण माहीत आहे त्याचा हात लगेच पुढच्या तपासणीकडे जातो : आरडी१.

आरडी१ म्हणजे सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा तुकडा. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं त्यातच. बीसीजीचे सगळे वाण या तुकड्याशिवाय आहेत. बोव्हिसमध्ये तो असतो. वाचनं एच३७आरव्ही या संदर्भ-संचावर बसवून त्या जागेची खोली पाहिली : आजूबाजूला ७०, आरडी१ मध्ये शून्य, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. आरडी२ मात्र शाबूत. बीसीजी, मॉस्को-रशियन घराण्यातला. बोटातल्या कल्चरमधूनही तेच आलं, म्हणजे लसीचा जंतू दंडापासून दूर हाडापर्यंत पोचला होता.

फक्त ‘हा बीसीजी आहे का?’ एवढाच प्रश्न असेल तर संपूर्ण सिक्वेन्सिंगची गरज नाही. आरडी१ च्या दोन्ही कडांवर प्राइमर लावलेली साधी पीसीआर एका दिवसात उत्तर देते. बाळांच्या लसीच्या बाजूच्या काखेतली प्रत्येक पॉझिटिव्ह गाठ या पीसीआरमधून गेली, तर कित्येक बाळांच्या पोटात पायराझिनामाइड विनाकारण जाणार नाही. इथे औषध-रोधाचाही संशय असल्यामुळे पूर्ण वाचन करणं योग्यच होतं.

पायराझिनामाइड त्याच दिवशी थांबवलं. यकृतावरचा ताण दाखवणारं एएलटी २१० होतं. तीन आठवड्यांत ५८ वर आलं.

बाळात काय कमी आहे?

बीसीजी हा दुबळा केलेला जंतू. तो काखेच्या पलीकडे जाऊन हाडात, फुप्फुसात रुजला तर दोष जंतूचा नसतो, बाळाच्या प्रतिकारशक्तीत काहीतरी जन्मतःच कमी असतं. यादी फार मोठी नाही. एचआयव्ही (निगेटिव्ह आला). तीव्र संयुक्त प्रतिकार-न्यूनता, म्हणजे स्किड. पण लिम्फोसाइट ६ हजारांवर आणि टी-पेशी वयाप्रमाणे, त्यामुळे ती मागे पडली. इंटरल्युकिन-१२ आणि इंटरफेरॉन-गॅमा या निरोप्या प्रथिनांच्या साखळीतले दोष. आणि क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, सीजीडी.

सीजीडीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत. गिळल्यावर ऑक्सिजनपासून विखारी रेणू बनवणारं यंत्र, एनएडीपीएच ऑक्सिडेज, त्यांच्यात बंद असतं. या मुलांना ठरावीक जंतू गाठतात : स्टॅफिलोकोकस, सेराशिया, बर्कहोल्डेरिया, नोकार्डिया, अ‍ॅस्परजिलस बुरशी आणि आपल्याकडे बीसीजी. आता ते सातव्या आठवड्यातलं गळू, बोटातला सेराशिया आणि पसरलेला बीसीजी एका ओळीत मांडून पाहा.

यासाठीची पहिली तपासणी डीएनएची नाही, डीएचआरची. न्यूट्रोफिलांत डायहायड्रोऱ्होडामाइन हा रंग भरतात, पीएमए या रसायनाने त्यांना चेतवतात. यंत्र चालू असेल तर रंग हिरवा चमकतो आणि फ्लो सायटोमीटर ती चमक मोजतो. एक-दोन मिलि रक्त, हिरव्या टोपणाची हेपॅरिन नळी, एका दिवसात उत्तर. परळला केईएमच्या आवारातील आयसीएमआरच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत अशा विकारांवर वर्षानुवर्षं काम चालतं. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून धीम्या लोकलने परळ; नमुना घेऊन माणूस दोन तासांत पोचतो.

पहिला नमुना मात्र मे महिन्यातल्या शुक्रवारी दुपारी काढला गेला आणि सोमवारी सकाळी पोचला, तोही बर्फावर. न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. बर्फात आणि विलंबात त्यांची चेतना जाते. सुदैवाने त्याच वेळी काढलेला एका निरोगी माणसाचा नमुना सोबत होता. तोही चमकला नाही, म्हणून चाचणी बाद ठरली. तो नसता तर ‘सीजीडी’ असा अहवाल गेला असता. तो खरा निघाला असता, पण चुकीच्या कारणाने. आणि पुढच्या एखाद्या बाळात तीच पद्धत खोटं निदान देऊन गेली असती. निरोगी सोबत्याचा नमुना त्याच वेळी, त्याच प्रकारच्या नळीत काढायचा. थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाशिवाय, २० ते २५ अंशांना. सोमवार ते गुरुवार सकाळी काढून त्याच दिवशी पोचवायचा.

दुसऱ्या वेळी सोबत्याचा चेतना-निर्देशांक (चेतवल्यावर चमक किती पट वाढली) ९६, आईचा ८८, वडिलांचा ९१, बाळाचा ७. आकड्यापेक्षा आलेखाचा आकार जास्त बोलका. एक्स गुणसूत्रावरच्या सीवायबीबी जनुकाच्या दोषात शिखर जागचं हलत नाही आणि वाहक (स्वतः आजारी नसलेल्या, पण दोष बाळगणाऱ्या) आईत दोन वेगळी शिखरं दिसतात. इथे बाळाचं शिखर बुटकं, पसरट, थोडंसं पुढे सरकलेलं. आईचं एकच आणि सरळ. यावरून बोट पी४७फॉक्स या प्रथिनाकडे, म्हणजे सातव्या गुणसूत्रावरच्या एनसीएफ१ जनुकाकडे जातं. न्यूट्रोफिलांतल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा अभाव असला तरी डीएचआर खोटा कमी येतो, म्हणून त्याच यंत्राची एनबीटी ही दुसरी रंग-चाचणीही केली. ती बिघडलेलीच आली.

एक्झोमने काय पाहिलं नाही

याच वेळी बाळाचं एक्झोम सिक्वेन्सिंग खासगी प्रयोगशाळेत गेलं. एक्झोम म्हणजे प्रथिनं घडवणारा भाग, एकूण जनुकसंचाच्या दीड-दोन टक्के. फॉर्मवर ‘वारंवार संसर्ग, प्रतिकार-न्यूनता?’ एवढंच लिहिलं होतं. डीएचआरचा निकाल नाही, वंशावळ नाही, आईवडील नात्यातले असल्याचा उल्लेखही नाही.

पाच आठवड्यांनी अहवाल आला : ‘लक्षणांशी जुळणारा रोगकारक बदल आढळला नाही.’ खाली आयएल१२आरबी१ जनुकात एका प्रतीत अनिश्चित अर्थाचा एक बदल. घरच्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं की हेच कारण असावं. ते नव्हतं. त्या जनुकाचा आजार दोन्ही प्रती बिघडल्या तरच होतो, आणि तो झाला तरी डीएचआर बिघडत नाही. रक्तातली चाचणी एक सांगते आणि कागदावरचं जनुक दुसरं, तेव्हा आधी रक्तावर विश्वास ठेवावा आणि कागद पुन्हा उलगडावा.

एनसीएफ१ ची गोची अशी. त्याच गुणसूत्रावर, शेजारीच, त्याच्या दोन जवळजवळ तंतोतंत प्रती आहेत : एनसीएफ१बी आणि एनसीएफ१सी. दोन्ही खोटी जनुकं. प्रथिन बनवत नाहीत. एकाच पानाच्या तीन झेरॉक्स समजा. साम्य ९९ टक्क्यांच्या पलीकडचं, पण एक फरक महत्त्वाचा : खऱ्या जनुकात दुसऱ्या एक्सॉनच्या (प्रथिनाचा मजकूर असलेल्या तुकड्याच्या) सुरुवातीला ‘जीटीजीटी’ अशी चार अक्षरं आहेत, खोट्यांत फक्त ‘जीटी’. पेशीविभाजनात शेजारच्या प्रतींची सरमिसळ होते आणि कधी खोट्या प्रतीतली ही चूक खऱ्या जनुकात उतरते. दोन अक्षरं गळाली की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन बनतच नाही. पी४७फॉक्सच्या अभावाचं जगभर सर्वाधिक आढळणारं कारण हेच.

एक्झोममध्ये डीएनएचे दीडशे अक्षरांचे तुकडे वाचून संदर्भ-संचावर बसवतात. एनसीएफ१ मधला तुकडा तीन जागी सारखाच बसतो. नक्की जागा ठरत नाही म्हणून सॉफ्टवेअर त्याला शून्य मॅपिंग-गुणवत्ता देतं, आणि बदल शोधणारी पुढची पायरी शून्यवाल्यांना विचारातच घेत नाही. वाचनं फायलीत असतात, फक्त मोजली जात नाहीत. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही होतं : ‘समरूप खोटी जनुकं असलेल्या भागांतील बदल या तपासणीत निसटू शकतात.’ पहिल्या पानावरच्या ‘आढळला नाही’चा अर्थ त्या ओळीशिवाय लागत नाही. एनसीएफ१ तपासलं आणि चांगलं निघालं, असं त्या अहवालाने कुठेही म्हटलेलं नव्हतं.

पुन्हा फाइल मागवली. बीएएम फायलीत (संदर्भावर बसवलेली सगळी वाचनं असलेल्या) एनसीएफ१ च्या दुसऱ्या एक्सॉनवर वाचनांचा ढीग होता, सगळी पांढरी, म्हणजे शून्य गुणवत्तेची. आणखी एक धागा मिळाला. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यात सरासरी सहा टक्के जनुकसंच दोन्ही बाजूंनी एकसारखा येतो. या बाळात असे एकसारखे पट्टे कुठे आहेत ते काढलं, तर सातव्या गुणसूत्रावरचा एक लांब पट्टा नेमका एनसीएफ१ ची जागा पोटात घेऊन बसला होता. हा पुरावा नव्हे, पण कुठे खणायचं ते सांगणारी खूण.

दोन तपासण्या एकाच वेळी केल्या. फ्लो सायटोमीटरवर न्यूट्रोफिलांत पी४७फॉक्स प्रथिन रंगवलं : बाळात नाही, सोबत्यात आहे. आणि जीन-स्कॅन : दुसऱ्या एक्सॉनच्या सुरुवातीचा तुकडा चमकत्या प्राइमरने वाढवायचा आणि केशनलिकेत लांबीप्रमाणे वेगळा करायचा. जीटीजीटीवाला तुकडा जीटीवाल्यापेक्षा दोन अक्षरांनी लांब, म्हणून दोन शिखरं. खरी-खोटी मिळून माणसात सहा प्रती. निरोगी माणसात जीटी चार आणि जीटीजीटी दोन, म्हणजे २:१. वाहकात ५:१. रुग्णात एकच शिखर. बारा दिवसांत निकाल हाती : बाळात एकच शिखर, आई ५:१, वडील ५:१.

या चाचणीलाही मर्यादा आहे. काही निरोगी लोकांत एखाद्या खोट्या प्रतीत जीटीजीटी आलेलं असतं आणि प्रमाण १:१ दिसतं. असा माणूस वाहक असेल तर त्याचं प्रमाण २:१ भरतं आणि तो निर्दोष वाटतो. म्हणून वाहक ठरवताना एकट्याचा आकडा वाचू नये, घराचा वाचावा, आणि प्रत्येक फेरीत एक निरोगी व एक ठाऊक असलेला वाहक बरोबर चालवावा.

आईवडिलांना सांगताना एक गोष्ट ठामपणे सांगितली. हा दोष नात्यात लग्न न केलेल्या जोडप्यांतही आढळतो. मामाची मुलगी केल्यामुळे शक्यता वाढली हे खरं, पण सासरच्या घरात सुनेकडे बोट दाखवण्याचं कारण नाही. दोघांकडून एकेक प्रत आली आहे.

औषधं

एक पेच इथेही होता. सीजीडीत बुरशी रोखायला इट्राकोनाझोल लागतं. रिफॅम्पिसिन यकृतातली विकरं वाढवून त्याची रक्तातली पातळी जवळपास नाहीशी करतं. दोन्ही चालू ठेवली तर कागदावर संरक्षण असतं, रक्तात नसतं. म्हणून रिफॅम्पिसिनऐवजी लिव्होफ्लॉक्सॅसिन घेतलं, आयसोनायाझिड व एथॅम्ब्युटॉल पुढे चालू. लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि इट्राकोनाझोल दोन्ही क्यूटी (ईसीजीतलं हृदयाच्या ठोक्याचं एक अंतर) लांबवू शकतात, त्यामुळे आधी आणि दोन आठवड्यांनी ईसीजी. रिफॅम्पिसिनचा परिणाम थांबवल्यावरही सुमारे दोन आठवडे रेंगाळतो. पातळी त्यानंतरच मोजली.

वजन तेव्हा ६.२ किलो. इट्राकोनाझोलचं १० मिलिग्रॅम प्रति मिलिचं द्रावण रोज ३ मिलि, उपाशीपोटी. को-ट्रायमॉक्सॅझोलचं बालकांचं सिरप (५ मिलित ट्रायमेथोप्रिम ४० मिलिग्रॅम) सकाळ-संध्याकाळ २ मिलि. आधी जी६पीडी हे लाल पेशींतलं विकर तपासलं. सेराशियासाठी बोटातला पू काढून संवेदनशीलतेप्रमाणे शिरेतून प्रतिजैविक.

घरासाठी सूचना छोट्या पण कडक होत्या. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की बाळाची खाट तिथून हलवायची. शेजारी पाडकाम सुरू असेल तर खिडक्या बंद. गावी गेल्यावर पेंढ्याची गंजी, शेणखताचा खड्डा, कुजलेला पाला यांच्या जवळपासही नाही. त्यातली अ‍ॅस्परजिलस या मुलांना काही दिवसांत गंभीर न्यूमोनिया करू शकते. ताप आला की ‘दोन दिवस पाहू’ नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

कायमचा उपाय रक्तजनक पेशींचं प्रत्यारोपण. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मध्ये सीजीडी हा एकदाच करायच्या उपचाराने बरा होऊ शकणाऱ्या पहिल्या गटात आहे. उत्कृष्टता केंद्रामार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईत केईएम हे असं केंद्र आहे. अर्जासोबत जनुकीय निदानाचा कागद लागतो. ‘आढळला नाही’ असं लिहिलेला एक्झोम अहवाल तिथे उपयोगाचा नव्हता, जीन-स्कॅनचा होता.

दुसरं बाळ

निदान झालं तेव्हा आई २२ आठवड्यांची गरोदर होती. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. गर्भजल काढून जीन-स्कॅन करता येतं. ते गर्भलिंगनिदान कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच, आईला समजणाऱ्या भाषेत फॉर्म ‘जी’ वर संमती घेऊन. लिंग सांगितलं जात नाही. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या आहेत का हे वेगळ्या खुणांनी तपासावं लागतं, नाहीतर आईचं ५:१ बाळाचं म्हणून वाचलं जातं. गर्भपाताच्या कायद्यातली २४ आठवड्यांची मर्यादा आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाची अट दोघांना समजावून दिली. दोघांनी विचार करून गर्भजल तपासणी नको असं ठरवलं आणि जन्मल्याबरोबर तपासणी करायचं नक्की केलं.

मग खरं काम उरलं ते बीसीजी थांबवण्याचं. प्रसूती कक्षात लस घरी जाण्याआधी देतात. सिस्टर बदलते, पाळी बदलते, आणि तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. म्हणून माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने : ‘बाळाला बीसीजी देऊ नये. सीजीडी तपासणी बाकी. पोलिओ, हिपॅटायटिस बी द्यावे.’ तीच ओळ केसपेपरवर, बाळाच्या मनगटपट्टीवर आणि विभागातल्या आशाताईंच्या डायरीत. सीजीडीत जिवंत विषाणूच्या लसी चालतात. धोका जिवंत जीवाणूच्या लसीचा, म्हणजे बीसीजीचा. सरसकट ‘लस नको’ लिहिलं असतं तर बाळ विनाकारण उघडं पडलं असतं.

मुलगी झाली, ३.१ किलो. नाळेचं रक्त ईडीटीएत (रक्त गोठू न देणाऱ्या नळीत) घेतलं, पण त्यात आईचं रक्त मिसळू शकतं, म्हणून तिसऱ्या दिवशी शिरेतून दुसरा नमुना घेतला. दोन्हींत ५:१. तिसऱ्या आठवड्यात डीएचआर, सोबत्यासह, मंगळवारी सकाळी : निर्देशांक ८४, एकच सरळ शिखर. वाहक, निरोगी. तिचं एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींची ओळख, मोठ्या भावाशी अर्धंच जुळलं. प्रत्यारोपणासाठी दात्याचा शोध सुरू आहे. मोठ्याचा नासूर बंद झाला आहे, वजन ८.१ किलो, बोट वाकतं.

दीड महिन्याच्या लसींच्या दिवशी मुलीच्या कार्डावरची लाल ओळ तारीख घालून खोडली आणि खाली नोंद केली : बीसीजी, डावा दंड, ०.१ मिलि. महिना उलटून गेल्यामुळे मात्रा दुप्पट.